घंगाळावरचे नाव कोणाचे?

गेल्या अंकात वंशावळ कशी मांडावी याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. तिन्ही ठाणे आणि नवी मुंबईतील आहेत आणि तिन्हींचा विषय आजी आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून या सदराच्या प्रथेप्रमाणे व्यक्तींची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी आजी गेल्या वर्षी, नव्वदीच्या आसपास असताना गेली. आमच्या चुलत काकांनी कुलसंमेलनासाठी छापलेल्या वंशावळीत अकरा पिढ्या आहेत आणि बाईचे नाव एकही नाही. आजीचे सासरचे नाव अर्थातच आम्हाला माहीत आहे, परंतु माहेरचे नाव कोणालाच सांगता येत नाही आणि माहेरच्या गावाबद्दल 'देवगडकडचे कुठलेसे खेडे' याहून अधिक माहिती नाही. आजोबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्या पिढीतल्या आता आजीच्या धाकट्या जाऊबाई तेवढ्या आहेत, त्यांचे वय ८६. आजीच्या वापरातले एक तांब्याचे घंगाळ माझ्याकडे आहे. त्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी 'चि. सौ. कां.' आणि पुढे एक नाव कोरलेले असून 'हिस मामाकडून, माघ शके १८७४' असा मजकूर आहे. त्या नावाची बाई आमच्या घराण्यात कधीच नव्हती. मी शोध कोठून सुरू करावा? (वाचक भगिनी, कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : घंगाळापासूनच सुरू करा, कारण आपल्या हाती असलेला सर्वांत बोलका कागद तोच आहे. 'चि. सौ. कां.' ही अक्षरे लग्न लागण्याआधीच्या मुलीच्या नावामागे लावतात. अक्षता पडल्या की तीच मुलगी 'सौ.' होते. ज्या मामाने हे भांडे घडवून त्यावर नाव घातले त्याला भाचीचे सासरचे नाव ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण ते नाव नंतर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले जाणार होते. त्यामुळे आपल्या घराण्यात ज्या नावाचे कोणी नव्हते, ते नाव बहुधा आपल्या आजीचेच आहे. 'बहुधा' हा शब्द जपून वापरतो आहे, कारण जुन्या घरांतली तांब्यापितळेची भांडी वाटणीत एका चुलीवरून दुसरीवर जात असत, आणि हे घंगाळ एखाद्या चुलत सासूचे किंवा थोरल्या जाऊबाईंचेही असू शकते. ते घरात कोणाबरोबर आले, एवढे धाकट्या जाऊबाईंना आधी विचारा.

आता काळाविषयी. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, परंतु वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे पौषाच्या काही भागापासून फाल्गुनापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८७४ म्हणजे १९५३ सालचा जानेवारी-फेब्रुवारी. आजी नव्वदीच्या आसपास होत्या असे आपण लिहिता, म्हणजे या लग्नाच्या वेळी त्या सतरा-अठरा वर्षांच्या असणार. हिशेब जुळतो.

जाऊबाईंशी बोलताना 'आजी कशा होत्या?' असा प्रश्न विचारू नका. मी माझ्या आत्याला हा प्रश्न जवळजवळ वर्षभर विचारत होतो आणि 'फार मायाळू होती हो' यापलीकडे मला काहीही मिळाले नाही. वयस्क माणसांना स्वभाव सांगता येत नाही, पण प्रसंग अचूक सांगता येतात, म्हणून प्रश्न प्रसंगाचा असावा. लग्नात पाठराखीण म्हणून कोण आली होती? पहिल्या दिवाळसणाला मुराळी म्हणून कोण आला, भाऊ की चुलता, आणि तो आजीला कोणत्या नावाने हाक मारत होता? माहेरी जाताना बोटीने जात की गाडीने, आणि कोणत्या बंदराला उतरत? माहेरच्या कोणत्या देवीला ओटी पाठवावी लागे? तिच्या हातची कोणती भाजी सासरच्यांना परकी वाटायची? या प्रश्नांतून एक बंदर, एक ग्रामदेवता आणि एका भावाचे नाव हाती लागले, तर देवगड तालुक्यातील गावांच्या यादीतून चार-दोन गावे वेगळी काढता येतात. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, परंतु त्यांची परवानगी घेऊन. शिवाय एका बैठकीत सगळे उरकू नका. ८६ वर्षांच्या बाईला दुपारी जे आठवत नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आठवते.

दुसरा मार्ग जाऊबाईंच्या स्मरणावर अवलंबून नाही, आणि माझ्या अनुभवात तो अधिक खात्रीचा ठरला आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे आजीच्या पहिल्या अपत्याचा, म्हणजे आपल्या वडिलांचा किंवा थोरल्या काकांचा-आत्याचा जन्म बहुधा तिच्या माहेरच्या गावी झालेला असेल. त्या अपत्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहा. त्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो आणि त्यात पुष्कळदा गाव, तालुका व जिल्हा असे तिन्ही लिहिलेले असते. दाखला हरवला असल्यास शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागता येतो. तेथे जर 'जिल्हा रत्नागिरी' असे लिहिलेले आढळले, तर गोंधळून जाऊ नका. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि त्याआधीच्या सर्व कागदांत देवगड रत्नागिरी जिल्ह्यातच आहे.

गाव निश्चित झाले की महसुली कागद उपयोगी पडतात. जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये असते, ज्याला बोलीत कोतवाल बुक म्हणतात, आणि तिची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागावी लागते. येथे एक निराशा आधीच पदरात घालून ठेवतो. नोंद बारशाआधी होत असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव आणि पुढे नुसते 'मुलगी' एवढाच मजकूर असतो. अशा वेळी घंगाळावरच्या नावाला या नोंदीतून दुजोरा मिळणार नाही, परंतु बापाचे नाव आणि सन मिळाले तरी ते कमी नाही.

त्याहून अधिक आशा फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, आणि वारसाच्या नोंदवहीत, म्हणजे ६-क मध्ये आहे. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला आणि त्याने मुलीला मुलाच्या बरोबरीने वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्याचा पहिल्या वर्गातील वारस ठरवले. आजीचे वडील त्या तारखेनंतर वारले असतील आणि त्यांच्या नावावर थोडीफार जमीन असेल, तर वारस म्हणून भावांच्या ओळीत आजीचेही नाव चढलेले असण्याचा मोठा संभव आहे, आणि तेथे ते सासरच्या आडनावासह असते. माहेर आणि सासर एकाच ओळीत दिसावे असा कागद बाईच्या वाट्याला क्वचितच येतो. गंमत अशी की नाव चढल्यानंतर लगेच दुसऱ्या फेरफाराने ते कमी झालेलेही दिसेल, कारण बहिणींनी भावांना हक्कसोडपत्र लिहून द्यायचे हा आपल्याकडचा अलिखित कायदा. बाईने हिस्सा सोडला तो कागदच आज तिचा सर्वांत पक्का पुरावा असतो. मला या योगायोगाचा राग येतो, पण शोध घेणाऱ्याने तो कागद सोडू नये.

आणखी दोन ठिकाणे सांगतो. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे कुळांच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की आपल्या कुळाचे उपाध्याय कोण हे कळते आणि पूर्वी येऊन गेलेल्या पुरुषांनी स्वतःच्या हाताने केलेल्या नोंदी पाहायला मिळतात. आजीच्या सासरच्या कुळाबरोबरच तिच्या माहेरच्या कुळाचीही वही पाहण्याची विनंती करा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असू शकतात आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसतो, त्यामुळे नावाच्या वेलांटी-उकारावरून माणूस ओळखण्याचा आग्रह तेथे सोडावा लागतो. मोडी वाचणारी माणसे ठाण्यातही मिळतात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ तर १९१० पासून हे काम करत आले आहे.

दुसरे ठिकाण आपल्याच घरात आहे. पितृपक्षात महालयासाठी गुरुजींच्या हाती द्यायची नावांची एक यादी घराघरात असते, देवघराच्या फळीवर किंवा पंचांगात घडी करून ठेवलेली. छापील वंशावळीत जागा न मिळालेल्या बायका या यादीत असतात, कारण विधीला त्यांची नावे लागतात. माता, पितामही, प्रपितामही आणि आईच्या बाजूची मातामही अशा क्रमाने ती येतात. आपल्या आजोबांनी किंवा पणजोबांनी केलेली जुनी यादी सापडली, तर आजीच्या सासूचे आणि आजेसासूचेही नाव सहज मिळून जाईल. काकांच्या अकरा पिढ्यांना जे जमले नाही ते या चिठोऱ्याला जमलेले असते.

घंगाळ मात्र घासू नका. चिंच लावून चकचकीत करण्याचा मोह होईल, परंतु आधीच झिजलेले ठिपके प्रत्येक घासण्याबरोबर आणखी पुसट होतात. त्यावर तिरपा उजेड पाडून छायाचित्रे काढा आणि मजकूर जसा आहे तसा, चुकांसह, वहीत उतरवून घ्या.

प्रश्न : आम्ही आगरी, कोपरखैरण्याचे. माझ्या आजीला सगळे गाव बय म्हणत असे. ती धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी (धवले) म्हणणारी बाई होती; आजूबाजूच्या गावांतले कोणतेही लग्न तिच्यावाचून लागत नसे. ती शाळेत गेली नव्हती. तिच्याविषयी आमच्याकडे कागद म्हणजे फक्त जमीन संपादनाचे आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे, आणि त्यांत तिचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिले आहे. सगळीकडे सहीच्या जागी अंगठा. मला माझ्या मुलांसाठी तिचे चरित्र लिहायचे आहे, पण या कागदांवरून ती अडाणी बाई वाटते, आणि ती तशी नव्हती. (वाचक, कोपरखैरणे गाव)

उत्तर : तीनपैकी कोणतेही नाव 'दुरुस्त' करू नका. तलाठ्याने जे ऐकले ते त्याने लिहिले, कारकुनाला जे बरोबर वाटले ते त्याने लिहिले आणि दस्त लिहिणाऱ्याने तिसरेच काही लिहिले. चरित्रात तिन्ही रूपे, ज्या कागदावर आणि ज्या साली आढळली त्यासह नोंदवा, आणि त्यांच्यावर 'बय' हे नाव घाला, कारण जिवंतपणी तिने ओ दिली ती त्याच नावाला. अंगठ्याची लाज वाटू देऊ नये. 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे ज्या कागदावर लिहिले आहे, तेथे तिच्या बोटाच्या रेषा शाईत उमटलेल्या आहेत. सुवाच्य सही करणाऱ्या आजोबांची अशी खूण आपल्याकडे नाही.

जमिनीच्या कागदांत तिचे आयुष्य आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहे. संपादनापूर्वीचा सातबारा काढा. त्यात 'शेताचे स्थानिक नाव' अशी एक जागा असते, जिच्याकडे वकील ढुंकूनही पाहत नाहीत. खाचराला, खाजणातल्या तुकड्याला, बांधाजवळच्या पट्टीला घरची माणसे ज्या नावाने ओळखत तेच नाव तेथे मिळू शकते. नमुना १२ मध्ये वर्षानुवर्षांचे पीक असते. शेजारी जुना गाव नकाशा ठेवा आणि आजच्या सेक्टरांच्या नकाशाशी ताडून पाहा. आजी जेथे लावणीला वाकत होती तेथे आज कोणते दुकान किंवा कोणता चौक आहे, हे आपल्या मुलांना चालत जाऊन दाखवता येईल. मिठागर, उघाडी (खाडीच्या बांधातले पाण्याचे दार), खाडीचा धक्का या सगळ्या जागा त्या नकाशावर खुणेने मांडा. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी लागल्या. म्हणजे ती ज्या भूमीवर वाढली ती भूमी तिच्याच हयातीत दुसऱ्या आकाराची झाली. चरित्राचा कणा येथेच आहे असे मला वाटते.

तिच्या जन्मतारखेच्या मागे लागू नका. तारीख विचारण्याऐवजी घटना विचारा आणि आपण तारीख लावा. रामदास बोट गटारीच्या आदल्या-मागल्या दिवशी बुडाली ती १७ जुलै १९४७ ची गोष्ट. तेव्हा ती मुलगी होती, की कडेवर मूल होते? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने भांडी वाजली तेव्हा घरात कोण कोण होते? जानेवारी १९८४ मध्ये जमीन संपादनाच्या लढ्यात जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्या दिवसांत घरचे कोण मोर्चात गेले होते आणि आजीने मागे काय केले? जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत मिळण्याची जी तरतूद आपल्या कागदांवर दिसते, ती याच लढ्यामागून आलेली आहे. अशा चार-पाच खुंट्या मिळाल्या की मधले आयुष्य त्यांच्यावर आपोआप टांगले जाते.

आता धवल्यांविषयी, कारण या पत्रातील सर्वांत निकडीची गोष्ट तीच आहे. जी बाई हळदीपासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीचा धवला क्रमाने, एकही ओळ न चुकता म्हणत होती, तिला अडाणी ठरवणारा कागदच अपुरा आहे. ती गेली असली तरी तिच्या मागून ओळ धरणाऱ्या बायका गावात असतील. त्या आज साठी-सत्तरीच्या असतील आणि त्यांच्या सुनांना धवले येत असण्याची शक्यता कमी आहे. त्यांना एकेकटीला बसवून 'म्हणा' म्हटले तर ओळ सापडत नाही; दोघी-तिघींना एकत्र बसवा, जमल्यास खऱ्याच लग्नघरात, आणि मांडवाचा धवला, हळदीचा धवला असे विधीचे नाव घेऊन विचारा. बय कोणत्या ठिकाणी सूर उंच नेत असे, कोणती ओळ तिने स्वतः वाढवली होती, कोणत्या गावच्या लग्नात तिचा मान राहिला नाही म्हणून ती उठून आली होती, हे सगळे त्या गाण्याच्या ओघात बाहेर पडेल. शब्द आगरी बोलीतच लिहून काढा. प्रमाण मराठीत 'शुद्ध' करण्याचा उत्साह आपल्याकडच्या शिकलेल्या नातवांत फार असतो, तो येथे आवरावा.

प्रश्न : माझ्या आजोबांना दोन बायका होत्या. थोरलीला मूल होत नव्हते म्हणून १९४३ च्या सुमारास दुसरे लग्न झाले. वडील धाकटीचे, पण धाकटी लवकर वारली आणि वाढवले थोरलीने. मी जिला आजी म्हणत आलो ती थोरली. वंशावळीत मी दोघींची नावे घालतो म्हटल्यावर आत्या संतापल्या. त्यांना फक्त धाकटीचे, म्हणजे त्यांच्या सख्ख्या आईचे नाव हवे आहे आणि थोरलीचा उल्लेखही नको. (वाचक, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : आत्यांच्या संतापामागे 'लोक काय म्हणतील' ही भीती असेल तर तिचे निराकरण सोपे आहे. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६ चा आहे. १९४३ मधले लग्न त्याआधीचे असल्याने ते बेकायदा नव्हते, आणि लपवण्यासारखे त्यात काही नाही. मात्र आत्यांचे दुःख वेगळेच असू शकते. ज्या आईचा चेहराही नीट आठवत नाही तिला निदान कागदावर तरी कोणाबरोबर वाटून घ्यायचे नाही, असे त्यांना वाटत असेल, तर ते मला समजते, आणि त्यावर कायद्याचे कलम दाखवून उपयोग नाही.

मांडणी अशी करा. आजोबांच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोघींची नावे, माहेरच्या आडनावांसह आणि लग्नाच्या सालांसह लिहा. अपत्यांची रेघ धाकटीच्या नावाखालून काढा, म्हणजे आत्यांच्या आईची जागा निर्विवाद राहील. थोरलीच्या नावाखाली रेघ नसेल; तेथे एका ओळीत 'हिने मुले वाढवली' असे लिहा आणि साल घाला. छापण्याआधी तो कागद आत्यांना वाचून दाखवा, हातात देऊन येऊ नका. त्या तरीही नाही म्हणाल्या, तर त्यांच्या हयातीत वंशावळ छापू नका, परंतु हस्तलिखित प्रत तयार करून घरात ठेवा आणि ती कोठे ठेवली आहे हे आपल्या मुलांपैकी एकाला सांगून ठेवा. दरम्यान आत्यांना एक गोष्ट जरूर विचारा : लहानपणी आजारी पडल्यावर रात्री उशाशी कोण बसत असे? उत्तर लिहून घ्या, वाद घालू नका.